कल्पित फौजी ठाण्याचा नकाशावरचा ठिकाणा शोधायचा कसा

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरच्या कथांमध्ये एखादं लष्करी ठाणं असतंच. त्याला नाव असतं, जवळ ओढा किंवा नदी असते, तिथे पोचायला अमुक दिवस लागतात. नकाशावर मात्र ते नसतं. अशा ठाण्याची जागा बरीच नेमकी काढता येते, कारण १९व्या शतकातलं सैन्य आपल्या मर्जीने कुठेही बसत नव्हतं. खेचरं जिथवर ओझं ओढू शकत आणि जिथे पाणी, गवत व सरपण मिळे, तिथेच ते बसे. कथाकार नावं बदलतो, माणसं बदलतो. खेचराचं पोट त्याला बदलता येत नाही.

सरावासाठी एक ओळखीचं उदाहरण घेऊ: १९९० च्या ‘डान्सेस विथ वुल्व्ह्ज’ या चित्रपटातलं फोर्ट सेजविक. गोष्ट १८६३ मध्ये टेनेसीतल्या लढाईपासून सुरू होते. तिथला अधिकारी कॅन्ससमधल्या फोर्ट हेजला येतो आणि तिथून खेचरांच्या गाडीने एका उजाड, सोडून दिलेल्या ठाण्यावर पोचतो. शेजारी लकोटा, शत्रू पॉनी (दोन्ही तिथल्या मूळ जमाती), भोवती रानगव्यांचे, म्हणजे बायसनांचे कळप. ठाणं म्हणजे मातीच्या ढेकळांच्या दोन खोल्या आणि पाणवठा.

आधी एक गैरसमज दूर करू. गडकिल्ल्यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला ‘फोर्ट’ म्हटलं की तट, बुरूज, माची आणि कातळात खोदलेलं टाकं दिसतं. मैदानी प्रदेशातल्या बहुतेक अमेरिकी फोर्टांना तट नव्हताच. मधे कवायतीचं मैदान, चहूबाजूंनी बराकी, अधिकाऱ्यांची घरं, कोठार, तबेला, बस्स. समोरच्याकडे तोफा नाहीत, म्हणून उंचीची गरज नाही. डोंगरमाथा शोधत बसलात तर पहिल्याच दिवशी चुकाल. ही छावणी आहे, नदीकाठची.

१. पुरावे तीन ढिगांत वाटा

कथेतला भूगोलाचा प्रत्येक उल्लेख कागदावर उतरवा आणि वजनाप्रमाणे वेगळा करा.

पहिला ढीग कथानकाला लागणाऱ्या गोष्टींचा: प्रवासाचे दिवस, निघालेलं ठिकाण, कोणती जमात शेजारी आणि कोणती शत्रू, मदत वेळेवर का पोचत नाही. यातलं काही काढलं तर गोष्ट मोडते, म्हणून याला सगळ्यात जास्त वजन. दुसरा ढीग नावांचा: किल्ला, नदी, अधिकारी. तिसरा देखाव्यांचा: मागचे डोंगर, झाडं, सूर्यास्त. चित्रपटाच्या बाबतीत तिसरा ढीग जवळजवळ निरुपयोगी, कारण तो चित्रीकरणाच्या जागेबद्दल बोलतो. आपल्या उदाहरणाचं बरंचसं चित्रीकरण साउथ डकोटात झालं, म्हणून पडद्यावर बॅडलँड्स (झिजलेल्या, उजाड टेकड्यांचा मुलूख) आणि पाइनची जंगलं दिसतात. त्या पाइनच्या मागे लागलात तर ठाणं फोर्ट हेजपासून ६०० किलोमीटरहून दूर जाऊन बसेल.

२. नावाची मृत्युतारीख तपासा

ही चाचणी दहा मिनिटांची आहे आणि तरी बहुतेक जण ती करत नाहीत. अमेरिकी यादवी युद्धात (१८६१-६५) पडलेल्या सेनानींची नावं ठाण्यांना देण्याची तेव्हा पद्धत होती. म्हणून नावाचा माणूस कधी मेला ते पाहा, नाव त्याआधीचं असण्याची शक्यता फार कमी.

जनरल अलेक्झांडर हेज ५ मे १८६४ रोजी व्हर्जिनियात विल्डरनेसच्या लढाईत पडला. जनरल जॉन सेजविक चारच दिवसांनी, ९ मे १८६४ रोजी, स्पॉटसिल्व्हेनियाला. म्हणजे १८६३ मध्ये दोघंही जिवंत होते आणि दोन्ही फोर्टांची नावं अस्तित्वात नव्हती. खरं फोर्ट हेज १८६५ मध्ये फोर्ट फ्लेचर म्हणून सुरू झालं आणि १८६६ मध्ये त्याला हेजचं नाव मिळालं. १८६७ च्या जूनमध्ये बिग क्रीकला पूर आला आणि ठाणं सुमारे १५ मैल पश्चिमेला, येऊ घातलेल्या रेल्वेजवळ हललं. खरं फोर्ट सेजविक १८६४ मध्ये कॅम्प रँकिन म्हणून उभं राहिलं आणि १८६५ मध्ये त्याचं नाव बदललं. ते आजच्या कोलोरॅडोत, जुल्सबर्गजवळ, साउथ प्लॅट नदीच्या दक्षिण काठावर होतं. १८७१ मध्ये ते बंद झालं.

मग चित्रपटातलं ठाणं म्हणजे हेच जुल्सबर्गचं का? नाही. ते ठाणं डाकगाड्यांच्या आणि तारेच्या हमरस्त्यावर होतं. ७ जानेवारी १८६५ ला त्यावर शायेन, अरापाहो आणि लकोटांनी मिळून हल्ला केला, तेव्हाही तिथे शिबंदी होती, शेजारी डाकचौकी आणि दुकान होतं. जगाने विसरलेलं ठाणं हमरस्त्यावर बसत नाही. तेव्हा निष्कर्ष असा की नाव उसनं आहे, जागा उसनी नाही. ‘फोर्ट हेज’ हे ‘कॅन्ससमधलं पुढचं मोठं ठाणं’ एवढ्याच अर्थाने घ्या आणि सुरुवातीचा बिंदू म्हणून त्याची खरी जागा वापरा.

३. मजला मोजा

दिवसांचं अंतर करताना ‘मजल’ हा आपला जुना शब्दच कामाचा आहे. हिशेबासाठी हे आकडे पुरतात:

पायदळ: दिवसाला सुमारे १५ मैल
घोडदळ, नेहमीची चाल: २५ ते ३० मैल
खेचरांची गाडी: १५ ते २० मैल
बैलांची गाडी: १० ते १२ मैल

समजा कथेत सोमवारी सकाळी निघून शनिवारी दुपारी पोचल्याचं लिहिलंय. घाईत ‘सहा दिवस’ धरले जातात. प्रत्यक्षात शनिवारचा अर्धा दिवस जातो. शिवाय पहिली मजल बहुधा आखूड ठेवत: गाडी नीट भरली आहे का, कोणतं खेचर अडतंय, हे पहिल्या मुक्कामावर कळे आणि विसरलेली वस्तू आणायला माणूस मागे पाठवता येई. म्हणून इथे पाच पुऱ्या मजला धरा. खेचरांच्या गाडीने ७५ ते १०० मैल झाले.

हे वाटेवरचं अंतर आहे. वाट नदी-ओढे ओलांडायचे उतार शोधत, घळी चुकवत जाते. उघड्या माळावर १.२ ने आणि घळींनी फाटलेल्या मुलखात १.४ ने भागा. माळ धरला तर सरळ रेषेत ६२ ते ८३ मैल, म्हणजे साधारण १०० ते १३४ किलोमीटर. गूगल अर्थमध्ये सुरुवातीच्या बिंदूभोवती या दोन त्रिज्यांची वर्तुळं काढा. मधलं कडं हा तुमचा शोधप्रदेश. एकच वर्तुळ कधीच काढू नका. एका रेषेवर आपण फार लवकर विश्वास ठेवतो आणि मग बाकीचे पुरावे तिला जुळवून घ्यायला लागतो.

कथेत होकायंत्राची दिशा दिली असेल तर ती चुंबकीय असू शकते. चुंबकीय उत्तर दीडशे वर्षांत सरकली आहे. अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या संकेतस्थळावर जुन्या वर्षाची दुरुस्ती काढून मिळते. दिशेत ५ अंशांची चूक राहिली तर १०० मैलांवर तुम्ही जवळजवळ ९ मैल बाजूला जाता, म्हणजे एखादं अख्खं नदीखोरं ओलांडून शेजारच्या खोऱ्यात.

४. पोटाचा हिशेब मांडा

खरं गणित इथे आहे, म्हणून सावकाश करा.

एक घोडदळाची तुकडी, ६० माणसं आणि ६० घोडे, असं धरू. सैन्याच्या नियमाप्रमाणे एका घोड्याला रोज १४ पौंड वाळलेलं गवत आणि १२ पौंड दाणा. खेचराला गवत तितकंच, दाणा ९ पौंड. माणसाचा शिधा वजनाने सुमारे ३ पौंड.

सहा महिन्यांच्या, म्हणजे १८० दिवसांच्या बेगमीसाठी माणसांना लागतात ३२,४०० पौंड. सहा खेचरांच्या गाडीत बऱ्यापैकी वाटेवर ३,००० पौंड धरा, की झाल्या ११ गाड्या. घोड्यांच्या दाण्याचे मात्र १,२९,६०० पौंड होतात, म्हणजे ४४ गाड्या. एकूण ५५ गाड्या आणि त्यांना ओढणारी ३३० खेचरं, जी रोज २,९७० पौंड दाणा स्वतःच खातील. प्रवासाच्या प्रत्येक दिवसाला जवळपास एक गाडीभर! दहा मजलांवरच्या ठाण्याला जाता-येता वीस गाड्या दाणा वाटेतच संपतो. प्रत्यक्षात खेचरांना चरायला सोडून यातला बराच भाग वाचवत, पण मग वेग कमी होई आणि चरायला हिरवं गवत हवं, म्हणजे हिवाळ्यात वाहतूक जवळजवळ बंद.

या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. कथेतल्या ठाण्यावर घोडदळ असेल आणि जवळ रेल्वे किंवा जहाजं चालणारी नदी नसेल, तर ते पाच-सहा मजलांपलीकडे टाकू नका. ठाण्यावर मूठभर पायदळ किंवा आपल्या उदाहरणासारखा एकटाच माणूस असेल, तर दहा मजलाही चालतील. आणि पुरवठा तुटलेलं ठाणं कुठे असेल याचं उत्तर ‘फार दूर’ असं नसतं, ‘वाटेपासून आडबाजूला’ असं असतं.

गवत मात्र गाडीने आणायची वस्तू नाही. ६० घोड्यांना वर्षाला ३,०६,६०० पौंड, म्हणजे १३९ टन. नदीकाठच्या ओलसर कुरणात एकरी एक टन निघतो असं धरलं तरी १४० एकर फक्त कापणीला हवेत, चराई वेगळी. म्हणून नकाशावर अरुंद घळ दिसली की खोडा. रुंद, सपाट, मळईचा काठ हवा.

पाणी घोड्यामागे दिवसाला ३० ते ४० लिटर. फक्त घोड्यांना २,४०० लिटरपर्यंत. उन्हाळ्यात आटणारा ओढा चालत नाही आणि साचलेल्या डबक्यावर शिबंदी आजारी पडते. पाणवठा ठाण्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत शोधा.

सरपण सर्वांत फसवं. ठाणं उभं राहतं तेव्हा झाडं जवळ असतात. दोन हिवाळ्यांत ती संपतात आणि लाकूडतोड्यांच्या गाड्या रोज लांब जायला लागतात. वायोमिंगमधल्या फोर्ट फिल कर्नीचं हेच झालं. गवत-पाणी दाराशी, पण इमारती लाकूड काही मैलांवर डोंगरात. २१ डिसेंबर १८६६ रोजी या लाकडाच्या गाड्यांवर हल्ला झाला, त्यांना सोडवायला कॅप्टन फेटरमन निघाला आणि त्याच्यासह ८१ जण मारले गेले. (या ठाण्याला ओंडक्यांचा कोट होता, हा अपवाद.) तुमच्या कथेत लाकडाच्या गाडीवर हल्ला असेल तर झाडांपासून ठाण्याचं अंतर ५ ते १० किलोमीटर ठेवा. भिंती ढेकळांच्या असतील तर इमारती लाकूड जवळपास नाहीच, फक्त काठावर कॉटनवुडची थोडी झाडं. ढेकळांची भिंत म्हणजे गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटा. त्यासाठी मुळांनी घट्ट विणलेला माळ लागतो, वाळूच्या टेकड्यांत ढेकूळ हातातच सुटतं. नेब्रास्काचा वालुकामय टापू एवढ्या एका खुणेने बाद होतो.

५. शेजारी कोण?

जमातींची वस्ती वर्षागणिक सरकत होती, त्यामुळे ‘लकोटा म्हणजे डकोटाचा प्रदेश’ असं सोपं समीकरण मांडू नका. उपयोगी पडते ती जोडी: मित्र कोण, शत्रू कोण. दोघांच्या शिकारीच्या हद्दी जिथे एकमेकींवर चढतात तो पट्टा अरुंद असतो.

लकोटा आणि पॉनी कुठे भिडत? पॉनींची गावं नेब्रास्कात लूप आणि प्लॅटच्या काठी. शिकारीला ते दक्षिणेकडे आणि नैर्ऋत्येला, रिपब्लिकन नदीच्या खोऱ्यात जात. दक्षिणेकडच्या ओग्लाला आणि ब्रुले या लकोटा गटांचे शिकारीचे कळपही तेच. ५ ऑगस्ट १८७३ ला या दोघांची शेवटची मोठी लढाई याच खोऱ्यात, आजच्या ट्रेंटनजवळ, मॅसकर कॅन्यनमध्ये झाली. एवढा नेमका शेजार दुसरीकडे मिळणं कठीण.

चित्रपटाच्या मूळ कादंबरीत लकोटांच्या जागी कोमांची जमात आहे. ती धरलीत तर सगळा हिशेब आर्कान्सा नदीच्या दक्षिणेला, टेक्ससच्या बाजूला सरकतो. एकाच किल्ल्याच्या दोन जागा निघतात आणि दोन्ही बरोबर असतात. कोणत्या पाठाची जागा काढताय ते नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

एक गोष्ट सैन्याच्या नकाशांतून सहज निसटते: ज्या संगमावर सैनिकांना गवत-पाणी-झाडं मिळत, तिथेच जमातींचे हिवाळी मुक्काम असत. रिकामी जागा शोधून ठाणं बसवलं जात नसे, कुणाच्या तरी मुक्कामाच्या जागेवर बसवलं जाई. म्हणून जुन्या मुक्कामांच्या नोंदी हा ठाण्याच्या जागेचाही पुरावा आहे.

६. खऱ्या ठाण्यांची साखळी आखा आणि भोक शोधा

आता त्या वर्षांतली खरी ठाणी नकाशावर टाका. प्लॅटच्या रांगेत कर्नी (१८४८), मॅकफर्सन (१८६३), सेजविक (१८६४). दक्षिणेला स्मोकी हिल नदीच्या रांगेत हार्कर (१८६४), हेज आणि वॉलेस (दोन्ही १८६५). पूर्व-पश्चिम धावणाऱ्या या दोन माळा, आणि त्यांच्या मधोमध रिपब्लिकन नदीचं वरचं खोरं, जिथे त्या दशकात कायमचं ठाणं नव्हतं. कल्पित ठाण्याला लागतं तसंच हे भोक.

सैन्य तिथे का गेलं नाही, हेही तपासावं लागतं. रस्ता, तार, रेल्वे यांपैकी काहीच तिथून जात नव्हतं, म्हणून राखण करण्यासारखं काही नव्हतं. आपल्या कथेला हे कारण उलट पोषकच आहे: उत्साहाच्या भरात बसवलेलं आणि मग विसरलेलं ठाणं इथेच शोभतं.

फोर्ट हेजहून रिपब्लिकन आणि फ्रेंचमन या नद्यांच्या संगमापर्यंत, म्हणजे आजच्या कल्बर्टसनपर्यंत, सरळ रेषेत सुमारे १२३ मैल. १.२ ने गुणलं की १४८. हलक्या गाडीने आठ ते दहा मजला. एका माणसाच्या ठाण्याला चालतंय. खाली मेडिसिन क्रीकच्या मुखापाशी, केंब्रिजजवळ, १०६ मैल. सात ते नऊ मजला. दोन्ही उमेदवार ठेवा.

७. जमिनीवर उतरा, पण आजच्या नव्हे

इथे सर्वाधिक चुका होतात. उपग्रहचित्रात प्लॅटच्या काठी आज दाट झाडी दिसते. १८६० च्या सुमारास ही नदी रुंद, उथळ, वाळूने भरलेली आणि काठी बहुतेक उघडी होती. धरणं आणि कालव्यांनी पाणी काढल्यावर पात्र आकसलं आणि त्यात झाडं वाढली. आजची झाडी पाहून ‘सरपण आहे’ असं लिहिणं म्हणजे स्वतःला फसवणं. धरणांनी जागा गिळल्याही आहेत: गॅरिसन धरणाच्या जलाशयाखाली फोर्ट स्टीव्हन्सनची जागा गेली. आपल्या पट्ट्यातही ट्रेंटनला आणि मेडिसिन क्रीकवर जलाशय आहेत. शिवाय १९३५ च्या मे अखेरीला रिपब्लिकनला आलेल्या पुरात शंभराहून जास्त माणसं गेली आणि काठाचा तळ बदलला.

उपाय म्हणजे जुने सरकारी मोजणी नकाशे. सरकारच्या जमीन खात्याने ६ मैलांच्या चौकोनात जमीन मोजली, प्रत्येकाचे ३६ तुकडे पाडले आणि रेषेवरून चालताना कुठे ओढा लागला, कुठे गाडीवाट ओलांडली, कुठे झाडं संपली ते टिपलं. हे नकाशे भूव्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्यावर उंचीच्या रेषांचा नकाशा ठेवा आणि काठाची दुसरी पायरी शोधा, पाण्यापासून ५ ते १० मीटर उंच. पहिल्या पायरीवर पूर येतो (फोर्ट हेजने तो धडा घेतला), तिसरीवर पाणी वाहून न्यावं लागतं आणि वारा बराकी उपटतो. दुसऱ्या पायरीवर २०० मीटर चौरस सपाटी, सभोवती ३०० मीटर उघडं रान, किलोमीटरभरात पहाऱ्याला एक टेकाड आणि जवळ नदी ओलांडायला कठीण तळाचा उतार, एवढं जुळलं की खूण करा.

पडताळणीसाठी सैन्याच्या शल्यचिकित्सकांनी १८७० आणि १८७५ मध्ये छापलेले ठाण्यांचे अहवाल पाहा: पाणी कुठून, लाकूड किती दूर, कोणती रोगराई, ठाण्यागणिक लिहिलेलं असतं. खऱ्या ठाण्यांशी तुमची जागा ताडून पाहायला याहून चांगलं साधन नाही. राष्ट्रीय अभिलेखागारात ठाण्यांचे मासिक तक्तेही आहेत. तुमच्या जागेवर त्याच वर्षी खरी छावणी निघाली तर कल्पित ठाणं काही मैल हलवावं लागेल.

८. नकाशावर काय काढायचं

टाचणी टोचू नका, आकार काढा. आपल्या उदाहरणात फ्रेंचमनच्या संगमापासून मेडिसिन क्रीकच्या मुखापर्यंत नदीला लागून असलेली दुसऱ्या पायरीची पट्टी, सुमारे ६० किलोमीटर लांब आणि एखाद-दोन किलोमीटर रुंद. त्यात संगमांच्या जागा गडद, बाकी फिकट. बाजूला न जुळणाऱ्या गोष्टीही लिहा: पाइनचे डोंगर जुळत नाहीत, दोन्ही नावं सालाशी जुळत नाहीत. न जुळलेल्या गोष्टी लपवलेला नकाशा पुढच्या माणसाला तपासता येत नाही.

प्रत्यक्ष जाऊन पाहायचं असेल तर हा बराचसा पट्टा आज खासगी शेतांचा आहे. मालकाला विचारल्याशिवाय कुंपण ओलांडू नका. केंद्र सरकारच्या जमिनीवर धातुशोधक घेऊन पुरातन वस्तू उकरणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. मक्याच्या शेतात गंजका खिळा सापडलाच, तर तो बहुधा कुणा शेतकऱ्याच्या गोठ्याचा असेल.